दुसऱ्याच्या गाडीत बसवलेला मीटर

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, पाण्याचा नव्हे, आणि भाड्यावरून भांडणं लावणारा तर मुळीच नव्हे. गाडी चालवायला बसलं की स्टिअरिंगच्या मागे काट्यांची आणि बारीक दिव्यांची जी काळी चौकट दिसते ना, ती म्हणजे मी.

थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. बोलता बोलता आवाज बसला, तर तेवढं समजून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या एकाच साच्यातून आम्ही भावंडं बाहेर पडलो, एकामागून एक, मोजता मोजता मोजणाऱ्याला झोप यावी इतकी. उंची तीच, रुंदी तीच, स्क्रूची भोकं तीच, पाठीवरचा प्लगसुद्धा तोच. आमचा तोंडवळा इतका सारखा, की आई असती तर तीही फसली असती.

पण साच्यातून निघाल्यावर आमची वाटणी झाली. गाडी एकच, मात्र तिच्यात एक साधी आणि एक वरची, असे दोन प्रकार होते. मी वरच्या गाडीच्या वाट्याला आलो. मला वेगाचा काटा मिळाला, पेट्रोलचा मिळाला, इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा मिळाला, आणि इंजिन किती तापलंय ते दाखवणारा एक छोटा काटाही मिळाला. साध्या गाडीत गेलेल्या माझ्या भावाला वेग आणि पेट्रोल एवढंच मिळालं. इंजिनाच्या फेऱ्यांच्या जागी त्याच्या तोंडावर नुसतं काळं वर्तुळ. आणि तापण्यासाठी काटा नाही, एक लाल दिवा. तापलं की पेटणार, नाहीतर गप्प बसणार.

त्या वयात मला वाटायचं, आपण मोठे आणि तो बिचारा. तरुणपणी सगळ्यांनाच असलं काहीतरी वाटतं.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. गाडीच्या पोटातलं मी स्वतः काहीच बघत नाही. इंजिन, टाकी, चाकं आपापल्या वायरीतून निरोप धाडतात, आणि मी तो काट्याने वाचून दाखवतो. निरोप आला नाही, तर माझ्यासारखा आंधळा दुसरा कोणी नाही.

माझी पहिली मालकीण नर्स होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणं, इंजेक्शनं देणं, नळ्या बदलणं हे तिचं काम. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, तिचा नवरासुद्धा थट्टेने तेच म्हणायचा. तिची बॅग शेजारच्या सीटवर बसायची आणि तिला पट्टा लावलेला असायचा. गाडी चालू करण्याआधी ती क्षणभर थांबायची. माझे सगळे दिवे एकदम पेटायचे, मग एकेक करून विझायचे. ते सगळे विझलेले बघितल्याशिवाय ती किल्ली पुढे फिरवायची नाही. पेशंटची नाडी बघावी तसं ती मला बघायची.

कधी कधी एखाद्या घरातून ती बाहेर यायची आणि गाडीत बसून नुसतीच स्टिअरिंग धरून राहायची. मग स्वतःशीच म्हणायची, "चला, पुढचं घर." माझ्या पोटातला किलोमीटरचा आकडा अशा घरांनी वाढत गेला. मी फक्त अंतर मोजायचो. बाकीचं मोजणं माझं काम नव्हतं, आणि ते बरंच होतं.

एकदा सिग्नलला उभे असताना मागून ट्रकने ठोकलं. सिस्टरला खरचटलंही नाही, पण गाडीचा सांगाडा मागून वाकला. विम्याच्या माणसाने फेरी मारून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, समोरून नवरी आणि मागून भंगार. हिचं काही होणार नाही." सिस्टर आपली बॅग आणि छत्री घ्यायला आली. तिने किल्ली फिरवली. माझे दिवे लागले, एकेक करून विझले. तिने ते सगळे विझेपर्यंत वाट बघितली आणि मग किल्ली काढून त्या माणसाच्या हातात दिली. दुसरं काही नाही. ती रडलीबिडली नाही. तिला पुढच्या घरी जायचं होतं.

मग भंगाराचं आवार. तिथल्या माणसाचा हात सराईत होता. चार स्क्रू, एक झटका, प्लग निघाला, आणि मी गाडीपासून सुटलो. आंबा देठापासून सुटतो तसं नाही, दात हिरडीतून निघतो तसं. मला एका फळीवर ठेवलं. तिथे माझ्यासारखे कितीतरी. कुणाचा काटा साठावर अडकलेला, कुणाची काच तडकलेली, कुणाच्या अंगावर चिकटपट्टीने गाडीचं नाव लिहिलेलं. भिंतभर डोळे, आणि एकही बघत नाही.

तिथून मला उचललं ते करंटने.

करंट हे त्याचं खरं नाव नव्हतं. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, आणि बोलायचाही तसाच, झटका देऊन. त्याला एक धाकटी बहीण होती. ती गाडी चालवायला शिकवायची. स्वतःची एक गाडी, तिच्या छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी ब्रेक-क्लचची जादा जोडी. शिकणारे तिला बाई म्हणायचे. ती गाडी म्हणजे माझ्याच गाडीची साधी बहीण होती. तिच्यात माझा तो काळ्या वर्तुळाचा भाऊ बसलेला होता, आणि ठणठणीत चालत होता.

मग मला आणायचं कारण काय? कारण होते काका.

काका निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे, शर्टाचं वरचं बटणही लावणारे गृहस्थ. त्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. घरात गाडी चालवायची ती काकूंनी, आणि काकांनी शेजारी बसून रस्ता सांगायचा. आता काकूंची नजर कमी होत चालली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात सारखं जावं लागायचं. म्हणून या वयात काका शिकायला आले. पण काकांना ऐकू कमी यायचं. कानात यंत्र होतं, त्याने माणसं ऐकू यायची, इंजिन नाही.

पहिल्याच दिवशी ते बाईंना म्हणाले, "मला ऐकू येत नाही, हिला दिसत नाही. दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतो. बघा काही जमतंय का."

नवशिक्याला क्लच शिकवताना बाई सांगायच्या, "इंजिनाचा आवाज ऐका. गुदमरला की जरा पेट्रोल द्या." काकांना तो आवाजच नव्हता. गाडी धक्का खाऊन बंद पडायची, पुन्हा चालू, पुन्हा बंद. मागची माणसं हॉर्न वाजवायची. तो मात्र काकांना ऐकू यायचा.

बाईंनी भावाकडे जाऊन सांगितलं, "दादा, वरच्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा असतो ना? तो माझ्या गाडीत बसव. कानाने जमत नाही, तर माणूस डोळ्याने शिकेल."

दादा म्हणाला, "हात्तिच्या! एकाच साच्यातले आहेत. प्लगसुद्धा तोच. चहा होईपर्यंत बसवतो."

चहा झाला, थंडही झाला. प्लग बसला खरा, पण बसणं वेगळं आणि पटणं वेगळं. स्थळ बघताना दोन्हीकडची उंची जुळली म्हणून संसार होतो का? साध्या गाडीत फेऱ्यांची वायर मुळात नव्हतीच. ती दादाने इंजिनापासून नवी ओढून आणली. ती घालायला प्लगमध्ये जागा हवी होती, म्हणून त्याने त्या जागेवरची एक जुनी वायर काढली. तिचं टोक दोन बोटांत धरून तो बघत राहिला.

"ही कशाची रे?" बाईंनी विचारलं.

"असेल कुठल्यातरी दिव्याची. या मीटरला त्या जागी दिवाच नाही." त्याने टोकाला काळी पट्टी गुंडाळली आणि वायर माझ्या पाठीमागे खुपसली. "जुन्या कामात एखादी उरतेच."

"आणि हा छोटा काटा? हलत नाही."

"तापायचा काटा आहे तो. तुझ्या गाडीत त्याचा सेन्सर नाही. झोपून राहील बिचारा, त्याच्याकडे बघू नकोस."

आणखी एक गंमत झाली. माझ्यात हवेच्या फुग्यांचा एक दिवा आहे, अपघात झाला तर फुगतात ते. बाईंच्या गाडीत ते फुगे नव्हतेच. त्यामुळे माझा तो दिवा विझेचना. फुगे सापडत नाहीत म्हणून मी अखंड बोंब मारत राहिलो. दादाने काचेवर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवला. झालं, माझं एक तोंड बंद.

"आणि माझे किलोमीटर?" बाईंना एकदम आठवलं.

"तुझे त्या जुन्या मीटरमध्ये राहिले. हे दुसऱ्या कुणाचे आहेत. कमीच आहेत उलट. तुझी गाडी तरुण झाली."

"मग मलाही बसव असला एखादा," बाई म्हणाल्या, आणि दोघं हसली.

माझ्या भावाला त्यांनी खोक्यात घातलं आणि माळ्यावर ठेवलं. साधी माणसं अशीच जातात, खुर्चीचा आवाजही होऊ न देता.

मला सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पुन्हा उजेड, पुन्हा रस्ता, पुन्हा काटे. आणि काकांसारखा वाचक मला सिस्टरनंतर मिळाला नव्हता. बाई मोठ्याने सांगायच्या, काकांशी बोलताना त्यांना मोठ्यानेच बोलावं लागायचं, "काका, मोठा काटा बघा! खाली पडायला लागला की इंजिन गुदमरतंय! हां, आता क्लच हळू, हळू, अंडं सोडताय असं समजा!" काका माझ्याकडे बघत बघत पाय उचलायचे. काटा थरथरायचा, सावरायचा, आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकायची.

पहिल्यांदा ते जमलं तेव्हा काकांनी गाडी थांबवली. मग त्यांनी माझ्या काचेवरची धूळ रुमालाने पुसली.

पुढे पुढे ते माझ्यावर इतके विसंबले, की मलाच जड व्हायला लागलं. "रस्त्यावर बघा," बाई ओरडायच्या, "मीटरात काय बघताय!" पण त्यांना मी सांगेन ते खरं. वेग मी सांगायचो तो खरा होता, फेऱ्या खऱ्या होत्या. पेट्रोलचा काटा थोडा इकडेतिकडे बोलायचा, कारण या गाडीच्या टाकीची भाषा मला अर्धवटच कळायची. आणि तो छोटा काटा निळ्या टोकाला आडवा पडलेला. बाईंनी एकदा सांगितलंही होतं, "तो झोपलेला आहे, त्याच्याकडे बघायचं नाही." काकांनी मान हलवली. पण डोळ्यांसमोर काटा असला की माणूस तो वाचतोच. झोपलेला काटा आणि थंड दाखवणारा काटा, दोघांची तोंडं सारखीच दिसतात.

मी हे सांगू शकलो असतो का? नाही. मला विचारणारं कोणी नव्हतं आणि बोलायला वायर नव्हती.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, हा परीक्षेतला सगळ्यात अवघड भाग. त्यासाठी बाई सगळ्यांना पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर न्यायच्या. काकांची परीक्षा जवळ आली होती. त्या दिवशी ऊन कडक होतं. अर्धा चढ जायचं, थांबायचं, उचलायचं, वर जायचं, वळून खाली यायचं, पुन्हा वर. सगळं पहिल्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत. काकांना ते जमायला लागलं होतं, म्हणून त्यांना थांबवत नव्हतं.

"अजून एकदा," ते म्हणायचे. "एकदाच."

खाली इंजिनाजवळ पाण्याची एक रबरी नळी जुनी झाली होती. ती ठिबकायला लागली. थेंब थेंब करत पाणी गेलं, आणि इंजिन तापत गेलं. तापल्याचा निरोप त्याने नेहमीच्या वायरीतून धाडला. ती वायर माझ्यापर्यंत आली. माझ्या पाठीपासून चार बोटांवर, काळी पट्टी तोंडावर गुंडाळून, ती ओरडत होती. आणि मी पुढे उजळ माथ्याने छोटा काटा निळ्यावर ठेवून बसलो होतो.

काकांनी नाक वर केलं. "बाई, कसलातरी गोडसर वास येतोय."

बाईंना सर्दी होती. त्यांनी सवयीने माझ्याकडे नजर टाकली. काय बघायचं नाही हे ज्यांनी दुसऱ्यांना शिकवलं, त्याच बाईंनी तो काटा बघितला. "तापलेलं काही नाही. पुढच्या गाडीचा असेल. चला, उचला गाडी!"

काकांनी गाडी उचलली. खडखडाट सुरू झाला होता, तो काकांना ऐकू आला नाही. आणि बाई मोठमोठ्याने सूचना देत होत्या, त्यात त्यांनाही तो उशिरा ऐकू आला.

चढाच्या मध्यावर माझा मोठा काटा पडला. हळूहळू नाही. झाडावरून फळ पडावं तसा, थेट शून्यावर. त्याच वेळी माझे सगळे दिवे एकदम पेटले. इंजिन जागच्या जागी आवळलं होतं.

गाडी क्षणभर थांबली, काकांचा पाय सवयीने क्लचवर गेला, आणि ती मागे घसरायला लागली.

मागे काचांचा टेम्पो होता. उभ्या लावलेल्या मोठाल्या काचा, आणि त्या धरून मागे उभी असलेली दोन माणसं. बाईंनी आपला ब्रेक दाबला. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. पहिल्यांदा तो थोडा धरला, मग पाय नुसता कडक पेडलवर. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"काका, हँडब्रेक!" बाई ओरडल्या.

काका, जे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून करायचे, त्यांनी काही विचारलं नाही. एका हाताने हँडब्रेक खांद्यापर्यंत खेचावा तसा खेचला, आणि दुसऱ्या हाताने जडशीळ झालेलं स्टिअरिंग फुटपाथकडे वळवलं. हे त्यांना बाईंनीच शिकवलं होतं, पण कागदावर. मागचं चाक फुटपाथच्या दगडाला धडकलं. गाडी थांबली. पुढून वाफेचा लोट उठला, आणि मला समोरचं जग दिसेनासं झालं.

बाई उतरल्या. टेम्पोतली माणसं धावत आली. काका मात्र हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून बसलेले.

"काका, सोडा आता. चाकाला दगड लावलाय."

"नको."

"काका, गाडी कुठे जात नाही."

"नको म्हटलं ना." मग अगदी हळू आवाजात, "बाई, मी काटा बघत होतो हो. काटा थंड होता."

त्यानंतर मी आजपर्यंत पुष्कळ ऐकलंय, पण एवढं लागलेलं दुसरं काही नाही.

गाडी ओढून इंजिनाच्या मेस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, नळी बघितली, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तापल्याचा लाल दिवा लागला नाही का?"

"कसला दिवा?" बाई म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. तो दिवा त्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालू करताना बघितला होता. जुन्या मीटरवर, कोपऱ्यात. तो जाऊन किती दिवस झाले, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

दादा आला. त्याने मला उपसलं, पाठीमागे हात घातला, आणि ती वायर बाहेर काढली. काळी पट्टी सोडवताना त्याची बोटं चिकट झाली. तो ती पँटला पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"हीच?" बाईंनी विचारलं.

"हीच."

"तू म्हणालास, कुठल्यातरी दिव्याची असेल."

"कुठल्यातरीच्या पुढे मी विचार केला नाही. तुला घाई होती, दुपारी तुझी शिकवणी होती."

"घाई माझी होती, मान्य. मी काटा मागितला, तू दिलास. पण त्याच्या बदल्यात डोळा काढून घेतलास, ते सांगितलं नाहीस. दादा, मागे दोन माणसं काचा धरून उभी होती."

दादाने मान वर केली नाही. "काकांना काय झालं?"

"काही नाही. घरी आहेत. उद्या येतो म्हणाले नाहीत."

दोघं भाऊ-बहीण मेस्त्रीच्या दुकानात समोरासमोर उभी होती, आणि मी मध्ये फळीवर उताणा पडलेलो. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दादाने माफी मागितली का? शब्दांत नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःची गाडी बाईंच्या दारात उभी करून गेला. तिच्यात त्याने शेजारच्या सीटपाशी ब्रेक-क्लचची जोडी बसवून आणली होती, आणि प्रत्येक वायर काय करते ते बसवून घेणाऱ्याकडून वदवून घेतलं होतं. "तुझी होईपर्यंत ही चालव," एवढंच म्हणाला, आणि सायकलवर बसून निघून गेला. बाईंचं इंजिन दुरुस्त व्हायला फार वेळ लागला. तोवर तो सायकलवरच ये-जा करत होता. बाईंनी त्याला चार दिवस चहा विचारला नाही. पाचव्या दिवशी विचारला, आणि त्यात साखर जास्त पडली होती.

इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा गाडीत बसलं तेव्हा माळ्यावरचं खोकं खाली आलं. माझा भाऊ पुन्हा आपल्या जागी गेला. ती पट्टी सोडवलेली वायर त्याच्या प्लगमध्ये परत बसली. दादाने किल्ली फिरवली, कोपऱ्यातला लाल दिवा पेटला आणि विझला. दादाने तो पुन्हा पेटवला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदा बाईच म्हणाल्या, "पुरे रे, बॅटरी उतरवशील."

मला कुणी दोष दिला नाही. पण मला परत कुठे बसवायचं, हेही कुणाला सुचलं नाही. दादाने मला आपल्या दुकानात आणलं आणि टेबलाच्या टोकाला ठेवलं.

काकांचं काय झालं, ते मला इथेच कळलं, बाई येऊन बोलायच्या त्यावरून. काका बरेच दिवस आले नाहीत. मग एका सकाळी काकूच त्यांचा दंड धरून बाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "शिकवा हो यांना पुरतं," त्या म्हणाल्या. "घरी बसल्या बसल्या माझ्या खुर्चीलाच गिअर टाकतात." काका म्हणाले, काटा नसलेल्या गाडीत कसं जमणार? तेव्हा बाईंनी त्यांचा तळवा धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला. इंजिन गुदमरायला लागलं की दांडा हाताखाली थरथरतो. जे कानाने होत नव्हतं आणि माझ्या काट्याने होता होता घात झाला, ते तळहाताने झालं. परीक्षेत काका एकदा नापास झाले, मग पास झाले. आता काकूंना दवाखान्यात तेच नेतात. फार हळू नेतात म्हणे. काकू म्हणतात, पोचेपर्यंत डोळे आपोआप बरे होतील.

हे ऐकून मला बरं वाटलं. माझी गरज नव्हती, हेही ऐकू आलं.

इथे टेबलावर दादा मला कधी कधी बॅटरीला जोडतो. काटे उठतात, टोकापर्यंत जातात, परत येतात. जागच्या जागी शंभराचा वेग. आणि काचेआड तो किलोमीटरचा आकडा उजळतो. त्या आकड्यात सिस्टरची सगळी घरं आहेत, आणि त्यांच्यावरच काका-बाईंच्या शिकवणीचे किलोमीटर चढलेत. कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते मलाही आता सांगता येत नाही. तो आकडा कुठल्याच गाडीचा नाही.

आणि नेमका तोच आकडा लोकांना आवडतो.

आज सकाळी एकजण आला. नीटनेटका, गोड बोलणारा. त्याची गाडी माझ्याच साच्यातली, वरच्या प्रकारातली. म्हणजे तिच्यात मी बसलो असतो आणि पटलंही असतं, सगळ्या वायरी जागच्या जागी. क्षणभर मला आशा वाटली. एक शेवटची गाडी, एक शेवटचा रस्ता.

त्याने दादाला मला जोडून दाखवायला लावलं, आकडा बघितला आणि खूश झाला. "माझ्या गाडीचं याच्या तिप्पट झालंय. हा बसवून द्या. विकायचीय."

"घेणाऱ्याला सांगणार का, मीटर बदललाय म्हणून?" दादाने विचारलं.

तो हसला. "मीटर काय बोलणार आहे का?"

"नाही देत मी हा."

"का? चालतोय ना? तुम्ही नाही दिलात तरी दुसरा कुणीतरी देईलच. आणि तुम्ही दुकानात नसताना कुणीही उचलून नेईल हा."

ते खरं होतं. दादालाही पटलं असावं. तो माणूस गेला. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, माझी पाठ उघडली, आणि जोड वितळवायचं सोल्डरिंग आयर्न बॅटरीला लावून तापत ठेवलं.

माझ्या पोटात एक काळी चिप आहे, मुंगीच्या डोक्यापेक्षा जरा मोठी. आकडा तिच्यात राहतो. ती निघाली की काटे राहतील, दिवे राहतील, पण आकडा जाईल. मग मला कुठल्याही गाडीत बसवून कुणालाही फसवता येणार नाही. माझी मोटर, माझी काच, माझे दिवे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील तर पडोत. सुटे सुटे गेलेलं बरं.

आयर्न तापतंय तोवर मला हे सगळं सांगून घ्यायचं होतं.

तुम्ही गाडीत बसता तेव्हा किल्ली फिरवून क्षणभर थांबा. दिवे एकेक करून विझू द्या. आणि कुणाच्याही गाडीत काही बदललं, तर जे नवं आलं त्याचं कौतुक करण्याआधी काय काढलं गेलं, ते विचारा. एवढं पुष्कळ झालं.

दादाने आयर्नचं टोक ओल्या स्पंजला टेकवलं. चर्र झालं. त्याने डावा हात माझ्या काचेखाली घातला, मी टेबलावरून घसरू नये म्हणून.

"झालं हं, झालं," तो पुटपुटला. लहान पोराला इंजेक्शन देताना म्हणतात तसं.

घाई करू नकोस, दादा. मला कुठे जायचंय?